सेपांगची मोटोजीपी कॅमेऱ्यातून: कुठला दिवस, कुठला स्टँड, कुठली लेन्स

मलेशियातल्या सेपांग सर्किटवरच्या मोटोजीपीचं, म्हणजे मोटरसायकलच्या सर्वोच्च जागतिक शर्यतीचं, तीन दिवसांचं तिकीट फोटो काढणाऱ्याचे पैसे पुरेपूर वसूल करतं. अट एकच, शुक्रवारी सकाळच्या पहिल्या सत्राला तिथं हजर असायचं. मित्रांचा गट करून, रजा वाचवायची म्हणून शनिवारी रात्री पोहोचायचं, रविवारची शर्यत बघायची आणि सोमवारी परत, असा बेत कोल्हापुरात बरेच जण आखतात. शर्यत बघायला तो ठीक आहे. कॅमेऱ्यासाठी तो वाया जातो.

गणित साधं आहे. सेपांगचा ट्रॅक ५.५४३ किलोमीटरचा, त्याला १५ वळणं. मोटोजीपीची गाडी एक फेरी दोन मिनिटांत पूर्ण करते आणि रविवारची मुख्य शर्यत २० फेऱ्यांची असते. म्हणजे तुमच्या वळणावर आवडता रायडर वीसच वेळा येणार, तोही चाळीस मिनिटांत, आणि तेव्हा पुढच्या रांगेतले सगळे उभे राहून झेंडे हलवत असणार. पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर गाड्या विखुरतात, म्हणून घोळक्याचे फोटो मिळाले तर सुरुवातीलाच. याउलट शुक्रवारी मोटोजीपीच्या सरावाचं एक सत्र ४५ मिनिटांचं आणि दुसरं तासाभराचं. शिवाय मोटो२ आणि मोटो३ या खालच्या दोन गटांची सत्रं वेगळी. शनिवारी सकाळी आणखी अर्ध्या तासाचा सराव, मग १५-१५ मिनिटांच्या दोन पात्रता फेऱ्या आणि दुपारी स्प्रिंट, म्हणजे १० फेऱ्यांची छोटी शर्यत. शुक्रवारी स्टँडमध्ये गर्दी नसते, समोर कुणाचं डोकं येत नाही, एक चुकलं तर दोन मिनिटांत पुन्हा संधी. रायडरही एकेकटे, अंतर राखून येतात, त्यामुळे फ्रेममध्ये एकच गाडी स्वच्छ मिळते. चांगल्या फोटोंचा मोठा हिस्सा शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी हाती लागतो, हे धरूनच विमानाचं बुकिंग करा.

सेपांगच का, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली ती २०२३च्या सप्टेंबरमध्ये, त्यानंतर ती परत आलेली नाही. थायलंडचं बुरिराम सर्किट छान आहे, पण बँकॉकहून सुमारे चारशे किलोमीटर लांब. चार दिवसांच्या सहलीतला एक दिवस नुसता रस्त्यात जातो. सिंगापूरची फॉर्म्युला वन रात्रीची आणि शहराच्या रस्त्यांवरची. भिंती आणि जाळ्या ट्रॅकला खेटून, उजेड दिव्यांचा, खर्चही जास्त. नव्याने शिकणाऱ्याला तिथं हात बसवायला वाव कमी मिळतो. सेपांग क्वालालंपूरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या शेजारी आहे, १९९९मध्ये हर्मान टिल्के यांनी आखलेलं, मोकळं आणि रुंद. फॉर्म्युला वन २०१७नंतर तिथून गेली, मोटोजीपी मात्र नेमाने होते, बहुधा ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. दिवाळी याच सुमारास येते, तेव्हा विमानाचं भाडं आधी तपासा आणि मग शर्यतीचं तिकीट काढा.

रुंदपणाची दुसरी बाजूही आहे आणि ती आधीच समजून घ्यायला हवी. ट्रॅकची रुंदी किमान १६ मीटर, बाहेरच्या बाजूला गाडी घसरली तर थांबायला खडीचे मोठे पट्टे. रायडरसाठी हे उत्तम. प्रेक्षक मात्र तेवढाच मागे ढकलला जातो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात इथं काहीही येत नाही, आणि किटबरोबर आलेल्या ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्सवर बऱ्याच स्टँडमधून गाडी मुंगीएवढी दिसते.

किती लेन्स लागेल हे घरबसल्या काढता येतं. मोटोजीपीची गाडी साधारण दोन मीटर लांब. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी लावली आणि गाडी ६० मीटरवर असली तर फ्रेमची रुंदी ५.४ मीटर भरते, म्हणजे बाजूने जाणारी गाडी फ्रेमचा तिसऱ्या भागापेक्षा थोडा जास्त भाग व्यापते. हे छान दिसतं. तीच गाडी १०० मीटरवर असेल तर फ्रेम नऊ मीटर रुंद होते आणि गाडी हरवते. तिथं फुल फ्रेमवर ६०० मिमी हवी, किंवा क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर ४०० मिमी. दोन्हींत फ्रेम सहा मीटरच्या आसपास येते. म्हणून आमचं स्पष्ट मत: क्रॉप बॉडी असेल तर १००-४०० पुरते, फुल फ्रेम असेल तर १५०-६०० किंवा २००-६०० न्या. महागडी ७०-२०० एफ/२.८ लग्नाच्या कामाला कितीही लाडकी असली तरी इथं ती मुख्य लेन्स होऊ शकत नाही.

वजनही बघा, कारण दिवसभर हातातच धरायची आहे. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅम, सोनीची २००-६०० सुमारे २१०० ग्रॅम, निकॉनची २००-५०० एफ/५.६ सुमारे २३०० ग्रॅम. कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची. झूमच्या लांब टोकाला तिचं छिद्र (ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड) एफ/८पेक्षा जास्त उघडत नाही, पण उन्हात त्याने काही अडत नाही आणि पाऊस आला की मात्र अडतं. सोनीच्या लेन्सचा झूम आतल्या आत फिरतो, नळी पुढे येत नाही. त्यामुळे झूम बदलला तरी तोल तोच राहतो आणि पॅनिंग करताना, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढताना, त्याचा खरा फायदा होतो. सिग्माची नळी पुढे सरकते, पण त्या किमतीत तिच्याइतकी पोहोच देणारी दुसरी लेन्स शोधावी लागेल. विकत घ्यायची गरज नाही. पुण्या-मुंबईत भाड्याने मिळतात आणि चौघांत भाडं वाटलं की परवडतं. मात्र सगळ्यांचे कॅमेरे एकाच माउंटचे (लेन्स बसवायच्या खाचेचे) असले तरच अदलाबदल जमते. गट ठरतानाच हे विचारून घ्या. आणि भाड्याची लेन्स देशाबाहेर न्यायला दुकानदाराची परवानगी लेखी घ्या.

आता स्टँड. सेपांगचा मुख्य स्टँड दोन लांब सरळ पट्ट्यांच्या मधोमध, पाठीला पाठ लावून बांधलेला आहे. एका बाजूला सुरुवातीची सरळ, दुसऱ्या बाजूला मागची सरळ, आणि त्याच्या टोकाला वळसा घालणारं डावीकडचं केसाच्या पिनेसारखं शेवटचं वळण, १५ क्रमांकाचं. ही रचना कॅमेऱ्यासाठी मोलाची आहे. गाडी वळणात आतल्या बाजूला झुकते, आणि मुख्य स्टँड या वळणाच्या आतल्या बाजूला पडतो. आतून बघणाऱ्याला रायडरचं हेल्मेट, जमिनीला टेकलेला गुडघा आणि कोपर दिसतं. बाहेरून बघणाऱ्याला गाडीचं पोट आणि टायर. दोन्ही फोटो वेगळे आणि दोन्ही चांगले, पण ज्याला कोपर घासतानाचा तो नेहमीचा फोटो हवा त्याने वळणाकडच्या टोकाचे ब्लॉक बघावेत. डोक्यावर छप्पर असतं, उंची असते, आणि उंचीमुळे मागे जाहिरातींऐवजी नुसता डांबरी ट्रॅक येतो. पार्श्वभूमी एवढी स्वच्छ दुसरीकडे क्वचित मिळते. पोडियमही याच बाजूला. फक्त मधल्या ब्लॉकचं तिकीट घेऊ नका. तिथून गाडी ताशी तीनशेच्या पुढच्या वेगाने डोळ्यांसमोरून निघून जाते आणि दिवसभर तोच एक फोटो मिळतो.

पहिल्या वळणाचा के१ स्टँड ही दुसरी शिफारस. सुरुवातीच्या सरळीवरून तीनशेच्या पुढे धावणारी गाडी इथं उजव्या, आवळत जाणाऱ्या वळणासाठी शंभरच्या खाली आणावी लागते आणि लगेच डावीकडे दुसरं वळण. जोरात ब्रेक लागताना मागचं चाक हलकं होऊन डुलतं, रायडर वळणाकडचा पाय बाहेर सोडतो, पुढचे फोर्क दबलेले दिसतात. समोरून, ४०० ते ६०० मिमीवर हा क्षण पकडला की फोटोत वेग सांगावा लागत नाही. रविवारी पहिल्या फेरीत सगळ्याच्या सगळ्या गाड्या एकदम इथं घुसतात. शर्यतीचा सगळ्यात दाट फोटो तोच.

टेकडीचे हिलस्टँड सगळ्यात स्वस्त. गवताचा उतार, खुर्चीचं बंधन नाही, म्हणून पाच-दहा पावलं सरकून जाळीच्या खांबामधली फट शोधता येते. तरुण गटाला आम्ही हेच सुचवू, पण पाऊस झाला की उतार चिखलाचा होतो. पायात पकड असलेले बूट घाला. कोल्हापुरी पायताण घालून तिथं गेलात तर चामडं भिजून दिवसभरात खराब होईल. बसायला जाड प्लॅस्टिकचा कागद न्या, तोच पावसात बॅगेवरही येतो.

चौघे असाल तर एकाच स्टँडची चार तिकिटं काढायचा मोह आवरा. दोघे मुख्य स्टँडच्या टोकाला, दोघे पहिल्या वळणावर असे बसलात तर परत आल्यावर एकाच शर्यतीची दोन पूर्ण अंगं हाती येतात. चौघांच्या कार्डांत तोच तो फोटो चार कोनांतून साठवण्यात काय हशील? भेटायची जागा आणि वेळ मात्र सकाळीच ठरवा, कारण रविवारी गर्दीत मोबाइलचं नेटवर्क भरवशाचं राहत नाही. प्रवेशद्वाराचा क्रमांक लक्षात ठेवा. ‘मोठ्या फलकाखाली’ असं ठरवलंत तर फलक दहा सापडतील.

अकरावं वळण लांबून का होईना बघून या. २३ ऑक्टोबर २०११ रोजी इटालियन रायडर मार्को सिमोनचेल्ली इथं शर्यतीत अपघात होऊन गेला. चौदाव्या वळणावर २०१५मध्ये व्हॅलेंटिनो रोसी आणि मार्क मार्केझ या दोन जगज्जेत्या रायडरची ती गाजलेली टक्कर झाली. ज्यांना या खेळाचा नाद आहे त्यांना या दोन जागा नकाशावर शोधायला सांगावं लागत नाही.

जाळीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण इथंच अडकतात. खालच्या रांगा म्हणजे ट्रॅकच्या जवळ, म्हणून त्या घ्याव्यात असं वाटतं. प्रत्यक्षात खालच्या रांगांसमोर संरक्षक जाळी येते. वरच्या रांगेतून जाळीच्या वरून दिसतं, आणि जवळिकीतले गमावलेले पंधरा-वीस मीटर लांब लेन्स भरून काढते. शक्य तितकी वरची रांग घ्या. जाळीतूनच काढावं लागलं तर छिद्र पूर्ण उघडं ठेवा. ४०० मिमी लेन्स एफ/५.६वर असताना तिचं उघडं तोंड सुमारे ७१ मिलिमीटर रुंद असतं. जाळीची तार चार-पाच मिलिमीटरची, तिच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश आत येतो आणि तार विरघळून जाते. तेच छिद्र एफ/१६वर नेलं की तोंड २५ मिलिमीटरवर येतं आणि तारेच्या राखाडी पट्ट्या फोटोत उमटतात. जाळी जितकी लेन्सजवळ तितकी ती पुसली जाते. तुमच्या आणि गाडीच्या मधोमध असली तर पुसत नाही, नुसता फोटो धुरकट करते. ऊन पडलेली जाळी सावलीतल्या जाळीपेक्षा जास्त त्रास देते, तेव्हा सावलीचा भाग निवडा. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर ते दूरच्या टप्प्यावर ठेवा, म्हणजे फोकस जाळीवर उडी मारून बसणार नाही.

छिद्र उघडं ठेवायचं म्हणलं की पॅनिंगची अडचण उभी राहते. कडक उन्हात आयएसओ १००, एफ/१६ आणि १/१०० हे साधारण योग्य मोजमाप. पॅनिंगसाठी १/६० हवं असेल तर एफ/२०च्या आसपास जावं लागतं. तिथं जाळी उमटते, सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण काळा ठिपका होऊन दिसतो आणि चित्राची धारही जाते. खरा उपाय एनडी ८ फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळपट काच. तो तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश अडवतो आणि १/६०वरही छिद्र एफ/७.१पर्यंत उघडता येतं. वर सांगितलेल्या मोठ्या तिन्ही लेन्सना ९५ मिमीचा फिल्टर लागतो. तो महाग असतो आणि कोल्हापुरात सहसा तयार मिळत नाही, महिनाभर आधी मागवा. आरएफ १००-४००ला ६७ मिमीचा चालतो, तो कुठंही मिळतो. सर्क्युलर पोलरायझर असेल तर तोही दीड-दोन स्टॉप कमी करतो आणि फेअरिंगवरची (गाडीच्या बाहेरच्या आवरणावरची) चमक मारतो, तात्पुरतं भागतं.

शटर स्पीडचा हिशेबही डोक्यात स्पष्ट हवा. शेवटच्या वळणावर गाडी ताशी ८०च्या आसपास, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. १/१००० ठेवलं तर तेवढ्यात चाक जेमतेम दोन सेंटिमीटर फिरतं, आणि जगातला सर्वांत वेगवान रायडर स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसल्यासारखा दिसतो. तिथं १/१२५ने सुरुवात करा, हात बसला की १/८०, मग १/६०. सरळीवर गाडी तीनशेने जाते, सेकंदाला ८३ मीटर. तिथं १/३२०लाही मागचं सगळं रेघारेघांचं होतं, त्याखाली जायची घाई नको. समोरून येणाऱ्या गाडीला मात्र १/१२५०च्या वर ठेवा, कारण तिथं चाक फिरताना दिसण्यापेक्षा डोळ्यांची आणि व्हायझरची धार महत्त्वाची. नव्या माणसाला १/६०वर दहात एखादा फोटो धारदार मिळाला तरी पुष्कळ झालं. म्हणूनच शुक्रवार हवा.

पाय गाडी जिथं संपणार त्या दिशेला रोवायचे, कमरेतून मागे वळून सुरुवात करायची आणि गाडीबरोबर सरळ होत यायचं. उलट केलंत तर नेमक्या क्षणी कंबर आवळते आणि धक्का बसतो. कोपरं छातीला, बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. लेन्सचं स्थिरीकरण मोड २वर टाका, मोड १ आडव्या हालचालीलाही विरोध करतो. फोकस एएफ-सी (गाडीच्या मागे सतत फिरणारा), लहान झोन, लक्ष्य हेल्मेट. शटर यांत्रिक ठेवा. साध्या बॉडीवर आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिलं तर गोल चाकं अंड्यासारखी आणि मागचे खांब तिरके येतात. एका गाडीला तीन-चार फ्रेमच घ्या. बटण दाबून धरलंत तर मागच्या गाडीच्या वेळी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरलेला असतो.

उन्हाचा आणखी एक त्रास आहे, तो कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर दिसत नाही. डांबर तापलं की हवा थरथरते आणि लांबचा फोटो पाण्यात बघितल्यासारखा होतो. लेन्स कितीही भारी असो, दोनशे मीटरवरची गाडी दुपारी धारदार येतच नाही. भाड्याची लेन्स खराब निघाली असं समजून लोक हळहळतात, दोष हवेचा असतो. लांबचे फोटो सकाळच्या सत्रात उरका, दुपारी जवळच्या वळणावर या. मलेशियाचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असलं तरी सूर्य तिथं दुपारी एकच्या सुमारास डोक्यावर येतो, हेल्मेटच्या आत काळोख होतो. अशा वेळी एक्स्पोजर अर्धा स्टॉप वाढवा. पांढऱ्या गाडीला वाढवू नका, तिचा रंग करपतो.

मग पाऊस. हा तिकडचा वळिवाच्या सरींचा काळ, सरी दुपारी तीन-चारला येतात, आणि मुख्य शर्यत तीनच्या सुमारास असते. २०१६ आणि २०१७ दोन्ही वर्षी शर्यत ओल्या ट्रॅकवर झाली आणि दोन्ही वेळा आंद्रेआ डोव्हिझिओसो जिंकला. पावसाने शर्यत लांबली तर स्टँड सोडून जाऊ नका. ओल्या ट्रॅकवर मागच्या चाकातून उडणारा फवारा आणि मागचा लाल दिवा, हा सेपांगचा सर्वांत देखणा फोटो आहे. आयएसओ १६०० ते ३२०० करा, १/२५० ठेवा आणि पुढे-मागे असलेल्या दोन गाड्या एका फ्रेममध्ये घ्या. छत्री नेऊ नका, मागच्याचं दिसणं बंद होतं. रेनकोट आणि लेन्सला पावसाळी कव्हर, तेही नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन रबर.

हॉटेलच्या गार एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेरच्या दमट हवेत काढला की काच आतून-बाहेरून धुरकटते आणि पुसून जात नाही. रात्री बॅग बंद ठेवा, सकाळी निघाल्यावर अर्धा-पाऊण तास ती उघडू नका. सिलिका जेलची दोन पाकिटं टाका. कानात फोमचे बोळे हवेतच, हजार सीसीच्या वीस-बावीस गाड्यांचा आवाज छप्पराखाली घुमतो.

सराव मात्र इथंच करून जा. रंकाळ्याच्या रस्त्यावर संध्याकाळी ताशी ४५ने जाणारी दुचाकी नऊ मीटरवरून टिपली तर कॅमेरा फिरवायचा वेग तेवढाच लागतो, जेवढा साठ मीटरवरच्या ताशी तीनशेच्या मोटोजीपी गाडीला. हे गणित पक्कं आहे, फुकट आहे, आणि शनिवार-रविवारच्या दोन संध्याकाळी पुरतात. कार्टिंग टिपायची असेल तर हुपरी बाजूच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर, परवानगी घेऊन, वळणाच्या आतली आणि बाहेरची जागा यांतला फरक डोळ्यांनी कळतो.

प्रवासाचं थोडक्यात. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून थेट परदेशी विमान नाही. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस किंवा बसने मुंबई गाठायची, नाही तर हायवेने बंगळूर. मुंबईहून क्वालालंपूर पाचेक तास, बंगळूरहून चारच्या आसपास. भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत जाहीर आहे. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. स्वस्त विमानांत हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा असते. दोन किलोची लेन्स, बॉडी, दुसरी छोटी लेन्स, चार्जर आणि बॅग मिळून सहा किलो सहज होतं, तेव्हा कपडे खालच्या सामानात. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र खालच्या सामानात चालत नाहीत, त्या हातातच. जाताना मुंबईच्या विमानतळावर कस्टम्सकडून कॅमेरा-लेन्सचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, सीरियल नंबर लिहून आणि बिलाची प्रत लावून. नाही तर येताना ही लेन्स तिकडे घेतली नाही हे पटवत बसावं लागतं. यासाठी विमानतळावर तासभर लवकर या.

तिकडचा प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा. चौघांनी चार अडॅप्टर घेण्यापेक्षा एक अडॅप्टर आणि घरचा एक एक्स्टेंशन बोर्ड न्या. वीज २४० व्होल्टचीच आहे.

राहायला क्वालालंपूर शहर की सर्किटजवळ, यात मत दुभंगलेलं असतं. फोटोंसाठी जाणाऱ्याने सलक तिंग्गी, निलाई किंवा पुत्रजयाच्या बाजूला राहावं. शहर पन्नासेक किलोमीटर लांब आहे आणि सकाळच्या सत्राला तिथून वेळेत पोहोचणं दगदगीचं होतं. शहर बघायचं असेल तर त्याला शेवटचा एक दिवस वेगळा ठेवा, विमानतळावरून केएल सेंट्रलला अर्ध्या तासात जाणारी रेल्वे आहे आणि शेजारच्या ब्रिकफील्ड्समध्ये डोसा-भात हवा तेवढा मिळतो. सर्किटवर नासी लेमाक आणि रोटी चनाई यांवर भागवा. तिखटाची सवय असणाऱ्याला तिथला साम्बाल आवडेल, मांसाहार न करणाऱ्याने मात्र त्यात सुकी मासळी असते हे लक्षात ठेवावं.

रविवारी शर्यत संपली की लगेच टॅक्सीच्या ॲपवर बोट ठेवू नका. त्या तासात भाव चढलेला असतो आणि मिळालेली गाडीही गर्दीतून तुमच्यापर्यंत येत नाही. स्टँडमध्येच बसा, पोडियम टिपा, दिवसभराचे फोटो दुसऱ्या कार्डावर उतरवा. गाडीवाला सकाळीच दोन्ही फेऱ्यांचा ठरवला असेल तर त्याला सर्किटच्या फाटकाऐवजी मुख्य रस्त्यावर उभं राहायला सांगा आणि तिथवर चालत जा. परतीचं विमान सोमवारी दुपारनंतरचंच घ्या, रविवारी रात्रीचं घेतलंत आणि पावसाने शर्यत तासभर लांबली तर शेवटच्या पाच फेऱ्या सोडून विमानतळ गाठावा लागेल.